खोकला मुलाचा, ओल भिंतीची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: शहरात राहायला येऊन तीन वर्षं झाली. घर तिसऱ्या मजल्यावर, इमारतीच्या आतल्या बाजूला. खिडक्या डक्टमध्ये, म्हणजे इमारतीच्या आतल्या पाइपांच्या अरुंद उभ्या पोकळीत उघडतात आणि झोपायच्या खोलीची एक भिंत कायम ओली असते. मुलाचा खोकला रात्री बळावतो. पत्नीला झोप लागत नाही. तुमचं डोकं सकाळी जड असतं. तपासण्या झाल्या, रिपोर्ट नॉर्मल आले. तुम्ही विचारता, "घरामुळे माणूस खरंच आजारी पडतो, की हे आमच्या मनाचे खेळ?"

मनाचे खेळ नाहीत. मी छातीच्या विकारांची डॉक्टर आहे आणि गेली अनेक वर्षं रुग्णांच्या घरी जाऊन पाहण्याची सवय मी लावून घेतली आहे. सुरुवातीच्या काळात मी फक्त खोकला कधीपासून आहे, कफ कसा आहे, घरात कोणाला दमा आहे का, एवढंच विचारायची. औषध लिहून द्यायची. मूल बरं व्हायचं आणि तीन आठवड्यांनी परत यायचं. एकदा अशाच एका मुलीच्या घरी गेले. तिची गादी जमिनीवर, भिंतीला टेकवलेली. उशीमागच्या भिंतीवर हाताच्या पंजाएवढा काळा डाग. मी दिलेला दम्याचा पंप ती दिवसातून दोनदा ओढत होती आणि रात्रीचे नऊ तास त्या भिंतीची हवा. तेव्हापासून मी घराची चौकशी केल्याशिवाय औषध लिहीत नाही.

तुम्हालाही मी पहिला प्रश्न तोच विचारेन: आठ-दहा दिवस दुसरीकडे राहायला गेलात तर काय होतं? खोकला कमी होतो का? परत आल्यावर पहिल्या दोन रात्रींत पुन्हा सुरू होतो का? रक्ताच्या कुठल्याही तपासणीपेक्षा हे उत्तर मला जास्त सांगून जातं. दोन आठवडे एक साधी वही ठेवा. खोकला किती वाजता आला, त्या रात्री खिडकी उघडी होती की बंद, कपडे घरात वाळत होते का, एवढंच लिहा.

आता ओलीबद्दल, कारण तुमच्या घरातला मुख्य मुद्दा मला तोच वाटतो. सगळी ओल सारखी नसते आणि चुकीच्या ओलीवर चुकीचा इलाज करण्यात लोकांचे पैसे आणि वर्षं जातात. डागाला पिवळट-तपकिरी कडा असेल, पाऊस पडला किंवा वरच्या मजल्यावर पाणी वापरलं की तो वाढत असेल, तर ती गळती आहे. पाइप, बाहेरच्या गिलाव्याची भेग किंवा वरच्या न्हाणीघराची जमीन तपासायला हवी. ओल जमिनीपासून वर चढत असेल, फार तर मीटरभर उंचीवर थांबत असेल आणि भिंतीला पांढरा लोणा फुटत असेल, तर पाणी इमारतीच्या पायातून येतंय. तिसऱ्या मजल्यावर हा प्रकार नसतो. तिसरा प्रकार सर्वांत जास्त दिसतो आणि सर्वांत कमी ओळखला जातो. छताच्या कोपऱ्यात, कपाटामागे, पलंगाच्या डोक्याशी, खिडकीच्या कडेला काळे ठिपके येतात. डागाला कडा नसते. हे पाणी बाहेरून आलेलं नसतं, घरातल्याच हवेतलं असतं.

श्वास, घाम, आंघोळ, स्वयंपाक आणि घरात वाळत घातलेले कपडे मिळून एका कुटुंबाच्या घरात दिवसाला कित्येक लिटर पाणी हवेत जातं. हवा बाहेर पडायला वाट नसली की ती वाफ घरातल्या सगळ्यात थंड पृष्ठभागावर जाऊन बसते, म्हणजे बहुधा बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात. भिंतीलगतची हवा बराच काळ 80 टक्क्यांच्या वर दमट राहिली की बुरशी धरते. धुळीतले सूक्ष्म किडे, ज्यांना आपण माइट म्हणतो, त्यांनाही गादी-उशीतला असाच दमटपणा मानवतो. बुरशीचे कण आणि माइटची विष्ठा नाकात गेली की श्वासनलिका सुजते, आकसते. जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये ओल आणि बुरशी या एकाच विषयावर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली, ती याच कारणाने: ओलसर घरात राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दमा जास्त होतो, हे पुरेशा अभ्यासांतून समोर आलं होतं.

भिंतीवर रंग मारणं हा इलाज नाही. बुरशी पुसून त्यावर रंग दिला की दोन-तीन महिने भिंत छान दिसते, मग पोपडे धरतात आणि काळं पुन्हा डोकं वर काढतं. पाणी कुठून येतं हे थांबवल्याशिवाय बाकीचं सगळं वरवरचं. गळती असेल तर दुरुस्ती घरमालकाची किंवा सोसायटीची जबाबदारी आहे, तुमच्या राहणीचा त्यात दोष नाही. हे मी मुद्दाम लिहिते आहे. 2020 च्या डिसेंबरमध्ये इंग्लंडमधल्या रॉचडेल इथे दोन वर्षांचं एक मूल दगावलं. वडील कित्येक वर्षं भिंतीवरच्या बुरशीची तक्रार करत होते आणि त्यांना त्यावर रंग मारा, असं सांगितलं गेलं होतं. 2022 मध्ये मृत्यूची न्यायिक चौकशी झाली तेव्हा घरातल्या बुरशीत दीर्घकाळ राहिल्याने श्वसनाचा विकार होऊन ते मूल गेलं, असा निष्कर्ष निघाला. त्यानंतर तिथे सामाजिक घरांच्या, म्हणजे गरजूंना कमी भाड्याने दिलेल्या घरांच्या मालकांना ओल आणि बुरशी ठरावीक मुदतीत हटवायला लावणारा कायदा झाला. ही बातमी वाचल्यापासून "तुम्ही खिडक्या उघडत नसाल" हे वाक्य मी कोणत्याही आईबापाला आधी विचारपूस केल्याशिवाय ऐकवत नाही. खिडकी उघडली तर डक्टमधला दुर्गंध, मच्छर नाहीतर रस्त्याचा धूर आत येतो, असं असेल तर माणसाने काय करावं?

यावरून हवेकडे येते. तुमच्या सकाळच्या जड डोक्याचं कारण इथे असू शकतं. बाहेरच्या हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण 420 पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत 420 भाग असतो. दारं-खिडक्या बंद करून लहान खोलीत दोन-तीन माणसं झोपली की पहाटेपर्यंत तो 2,000 च्या पुढे सहज जातो. एवढ्या प्रमाणात तो विषारी नसतो, पण आपण एकमेकांचा सोडलेला श्वास किती वेळा आत घेतोय याचं ते माप आहे. आणि श्वासाबरोबर आजारही येतात. अमेरिकेतल्या बाल्टिमोर इथे 1950 च्या दशकाच्या उत्तरार्धात रिचर्ड रायली यांनी क्षयरुग्णांच्या वॉर्डातली हवा पाइपने वरच्या मजल्यावरच्या गिनीपिगांच्या पिंजऱ्यांत सोडली. रुग्ण आणि प्राणी यांची गाठ कधी पडलीच नाही, तरी प्राण्यांना क्षयाची लागण झाली. हवा वाहून नेते, हे तिथे सिद्ध झालं. म्हणून दाटीवाटीचं घर म्हटलं की मला डोक्यांच्या संख्येइतकीच काळजी त्या घरात तासाला किती वेळा हवा बदलते याची असते.

एक धोका मात्र वेगळा काढून सांगते, कारण त्यात उद्यावर ढकलायला वेळ नसतो. घरातल्या सगळ्यांचं डोकं एकाच वेळी दुखतं, मळमळतं आणि बाहेर पडलं की तासाभरात बरं वाटतं, असं होत असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा संशय घ्या. बंद न्हाणीघरात गॅसवर चालणारा गिझर, बंद खोलीत पेटवलेली शेगडी, डक्टमध्ये सोडलेला जनरेटरचा धूर ही त्याची नेहमीची कारणं. या वायूला वास नसतो. ते उपकरण त्याच क्षणी बंद करा, दारं उघडा, सगळे बाहेर पडा आणि दवाखाना गाठा.

डक्टबद्दल तुम्ही लिहिलंत म्हणून 2003 ची एक घटना सांगते. हाँगकाँगमध्ये अमॉय गार्डन्स नावाची उंच इमारतींची वसाहत आहे. त्या वर्षी मार्चमध्ये सार्स या साथीच्या श्वसनरोगाचा एक रुग्ण तिथे एका घरी उतरला होता, त्याला जुलाब होत होते. पुढच्या काही आठवड्यांत त्या वसाहतीत 300 हून अधिक लोकांना लागण झाली. यातले बरेच जण एकमेकांना भेटलेलेही नव्हते. चौकशीत दोष सापडला तो न्हाणीघराच्या जमिनीतल्या जाळीखाली. प्रत्येक जाळीखाली नहाणी ट्रॅप असतो, त्यात थोडं पाणी साचून राहतं आणि तेच पाणी सांडपाण्याच्या पाइपातली हवा वर येऊ देत नाही. लोक पोछा मारून न्हाणीघर कोरडं ठेवत होते, जाळीत पाणी जात नव्हतं, ट्रॅप सुकले होते. वर एक्झॉस्ट फॅन लावला की तो सांडपाण्याच्या पाइपातले दूषित तुषार घरात ओढायचा. शिवाय ते डक्टमधून वरच्या मजल्यांपर्यंत चढत होते. मला या घटनेने फार शिकवलं. उपाय तांब्याभर पाण्याचा होता. तुमच्या घरात एखादी जाळी वापरात नसेल तर आठवड्यातून एकदा तिच्यात पाणी ओता. न्हाणीघरातून गटारीचा वास येत असेल तर अगरबत्तीने तो झाकू नका. वास येतो म्हणजे पाइपातली हवा येते.

डक्टकडे उघडणाऱ्या खिडकीचा उपयोग होत नसेल तर आरपार वाऱ्याचा एक तरी मार्ग शोधा. दोन समोरासमोरची तोंडं दहा मिनिटं उघडी ठेवणं हे एक खिडकी दिवसभर किलकिली ठेवण्यापेक्षा अनेकदा जास्त हवा बदलतं. रस्त्यालगत घर असेल तर वाहनांची गर्दी ओसरलेली वेळ निवडा. आंघोळ झाल्यावर एक्झॉस्ट फॅन अर्धा तास चालू आणि न्हाणीघराचं दार बंद. स्वयंपाक करताना तसंच. कपडे वाळवायची जागा झोपायच्या खोलीतून हलवा. कपाट भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, मुलाची गादी ओल्या भिंतीपासून दूर न्या. हे शेवटचं काम आज रात्रीच करा, त्याला कोणाची परवानगी लागत नाही.

बाहेरची हवाही आत येतेच. जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये पीएम 2.5 या सूक्ष्म कणांची वार्षिक सरासरी मर्यादा घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमवर आणली. बहुतेक मोठी शहरं तिच्या आसपासही नाहीत. तेव्हा बाहेरची हवा अतिशय वाईट असलेल्या दिवसांत खिडक्या बंद ठेवणंच बरं. लंडनमध्ये 1952 च्या डिसेंबरात पाच दिवस साचलेल्या धुरक्याने किमान 4,000 माणसं मेली, आणि त्यात घराघरांतल्या कोळशाच्या शेकोट्यांचा मोठा वाटा होता. शहराची हवा आपणच घरातून सोडलेल्या धुरानेही बनते. पण कचरा पेटवणारी वस्ती शेजारी असेल तर एकट्या कुटुंबाने किती करायचं, याला मर्यादा आहे.

पत्नीच्या झोपेबद्दल. तुम्ही लिहिलंय की खाली रात्री उशिरापर्यंत वाहनं असतात आणि "आता सवय झाली". कानाला सवय होते, हृदयाला होत नाही. झोपेत हॉर्न वाजला तर माणूस जागा होईलच असं नाही, पण नाडी वाढते, रक्तदाब उसळतो, गाढ झोप उथळ होते. सकाळी आठवत काहीच नाही, थकवा मात्र उरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोपसाठीच्या 2018 च्या शिफारशीत रस्त्यावरचा रात्रीचा आवाज सरासरी 45 डेसिबलच्या खाली असावा, असं म्हटलंय. झोपायची खोली रस्त्यापासून सगळ्यात लांबची निवडा, मग ती लहान असली तरी चालेल. आणि पत्नीला हेही विचारा की झोप आवाजाने जाते की काळजीने. मुलगा खोकतोय का, हे ऐकत रात्र काढणाऱ्या आया मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

उन्हाळ्याचा विषय तुम्ही काढला नाहीत, तरी शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्या कोणासाठी तो सर्वांत महत्त्वाचा आहे. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्रभर खोलीत सोडतो. शरीराला उष्णतेतून सावरायला थंड रात्र लागते, आणि नेमकी तीच मिळत नाही. 1995 च्या जुलैत शिकागोत उष्णतेच्या लाटेने 700 हून अधिक बळी घेतले. नंतर केलेल्या पाहणीत एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले आणि सगळ्यात वरच्या मजल्यावरचे लोक जास्त धोक्यात होते, असं दिसलं. ज्यांच्या घरी एसी होता किंवा ज्यांचं बाहेर येणं-जाणं होतं, ते वाचण्याची शक्यता जास्त होती. 2003 च्या उन्हाळ्यात युरोपात 70,000 हून अधिक माणसं गेली. गच्चीला पांढरा रंग, खिडकीला बाहेरच्या बाजूने सावली, अंगावर ओला पंचा, हे साधे उपाय खरोखर काम करतात. हवा 40 अंशांच्या वर गेली की नुसता पंखा उलट गरम हवेचा मारा करतो, हे लक्षात ठेवा. आणि वरच्या मजल्यावर कोणी म्हातारं माणूस एकटं असेल तर दिवसातून दोनदा दार वाजवा.

उजेडाचंही थोडं. बंद काचेतून येणाऱ्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कारण त्याला लागणारे किरण काच अडवते. 1822 मध्ये श्नियादेत्स्की या पोलिश वैद्याने वॉर्सा शहरातल्या मुलांची हाडं वाकतात, पण खेड्यातल्या मुलांची नाही, हे पाहून उन्हाचा अभाव कारण म्हणून सांगितला होता. मुलाला रोज उघड्यावर खेळायला न्या. सकाळचा उजेड डोळ्यांवर पडला की रात्रीची झोपही सुधारते, पत्नीलाही सोबत न्या.

घर आणि आयुष्य यांचा संबंध किती जुना आहे, हे सांगणारे आकडे मी विद्यार्थ्यांना नेहमी दाखवते. एडविन चॅडविक यांनी 1842 मध्ये इंग्लंडमधल्या मजुरांच्या वस्त्यांचा अहवाल मांडला. मँचेस्टर शहरात मजुरांच्या कुटुंबांतलं मृत्यूचं सरासरी वय 17 होतं आणि सुखवस्तू लोकांचं 38. रटलंड या ग्रामीण भागातल्या मजुराचंही 38 होतं. म्हणजे शहरातल्या श्रीमंताइतकंच खेड्यातला गरीब जगत होता. यात तान्ह्या मुलांचे मृत्यू फार होते, म्हणून सरासरी इतकी खाली दिसते. पण गटारं, शुद्ध पाणी, रुंद रस्ते आणि खिडकी असलेल्या खोल्या यांनी जे साधलं, ते प्रतिजैविकं येण्याच्या कितीतरी आधी साधलं.

आणि घर सुधारलं की प्रकृती सुधारते का, याचंही उत्तर मिळालेलं आहे. मेक्सिकोत 2000 पासून गरिबांच्या घरातली मातीची जमीन सिमेंटची करून देण्याचा कार्यक्रम झाला. अभ्यासकांचा हिशेब असा की जमीन पूर्ण सिमेंटची झाली की लहान मुलांमधले जंत 78 टक्क्यांनी आणि जुलाब 49 टक्क्यांनी कमी होतात. आयांचं नैराश्यही कमी झालेलं दिसलं. न्यूझीलंडमध्ये 1,350 घरांच्या भिंती-छतांना थंडीपासून बचावाचं आवरण घातलं. 2007 मध्ये निष्कर्ष आले तेव्हा त्या घरांतल्या लोकांची घरघर कमी झाली होती आणि मुलांच्या शाळा कमी बुडत होत्या. दोन्हीकडे कोणालाही एक गोळी दिलेली नव्हती.

तुम्ही भाड्याने राहता, म्हणून आता व्यवहाराचं. भाडेकरू तक्रार करत नाही, कारण घर खाली करायला सांगतील ही भीती असते. ती भीती स्वतःच एक आजार आहे. वर्षानुवर्षं पोटात घेऊन फिरलं की झोप, रक्तदाब, संताप, सगळीकडे ती उमटते. तरीही लेखी कळवा. डागांचे फोटो तारखेसह काढा, दर पंधरा दिवसांनी त्याच जागेचे, शेजारी पट्टी ठेवून. मुलाच्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या की घरातली ओल दूर करणं उपचाराचा भाग आहे. मी अशा चिठ्ठ्या देते आणि त्यांचा उपयोग होतो, कारण तोंडी तक्रार विसरली जाते, कागद विसरता येत नाही. शक्य असेल तर त्याच डक्टवरच्या इतर घरांशी बोला. ओल तुमच्या एकट्याच्या भिंतीत असणं कठीण आहे. खालच्या-वरच्यांची सही असलेला अर्ज एकाच घरातून गेलेल्या दहा फोनपेक्षा लवकर वाचला जातो.

घर बदलायचं ठरलंच तर दिवसा एकदा आणि रात्री एकदा पाहा. कपाटं उघडून वास घ्या; ताज्या रंगाच्या वासाखाली कुबट वास लपलेला असतो. कोपरे हाताने चाचपा. वरच्या घराचं न्हाणीघर नेमकं कुठे येतं, ते विचारा. खिडक्यांना मुलाच्या दृष्टीने गज किंवा अडसर आहेत का, पाहा.

शेवटी औषधाबद्दल, कारण इतकं सगळं वाचून काही जण पंप बंद करतात. तसं करू नका. भिंत कोरडी व्हायला महिने लागतात, श्वासनलिकेची सूज उतरायलाही वेळ लागतो. तोवर डॉक्टरांनी दिलेलं चालू ठेवा. मुलाला दोन आठवड्यांहून जास्त ताप असेल, वजन घटत असेल, खोकल्यातून रक्त येत असेल किंवा श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डे पडत असतील, तर घराची चौकशी नंतर, आधी तपासणी. क्षयाची शंका असेल तर घरातल्या सगळ्यांचीच.

गादी आज हलवा, वही आज सुरू करा. दोन आठवड्यांनी त्या नोंदी घेऊन मुलाच्या डॉक्टरांकडे जा आणि भिंतीचे फोटो सोबत न्या.